खिडकीजवळचा गट

नववीच्या प्रयोगवह्या तपासताना एका वहीतल्या तीन आकड्यांवर मी लाल रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, ‘पुन्हा घे.’ आकडे होते ६५०, ७७० आणि ८५० ओहम. बल्बपासून ३०, ४० आणि ५० सेंटिमीटरवर ठेवलेल्या एलडीआरचा, म्हणजे उजेडानुसार रोध बदलणाऱ्या भागाचा, तो रोध. बाकीच्या पाचही गटांत ३० वरून ५० वर जाताना रोध जवळजवळ दुप्पट झाला होता. या गटात मात्र तो जेमतेम दोनशे ओहमांनी वाढला होता. मुलींनी मल्टीमीटरच्या वायरी नीट धरल्या नसतील किंवा मोजपट्टी हलली असेल, असं मी मनाशी ठरवून टाकलं. वह्यांचा गठ्ठा मोठा होता आणि दुसऱ्या दिवशी घटक चाचणी होती.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्या गटातली एक मुलगी स्टाफरूमच्या दारात उभी राहिली.

“बाई, पुन्हा घेतलं. तेच आलं.”

६४०, ७८०, ८५०. चाचणीचा पेपर संपल्यावर डबा न खाता तिनं आणि तिच्या मैत्रिणीनं सगळं पुन्हा मांडलं होतं. मी म्हटलं, दुसऱ्या टेबलावर घेऊन बघ. ती म्हणाली, “घेतलं ना बाई. तिथं बाकीच्यांसारखंच येतंय. आमच्या टेबलाला खिडकी आहे. बल्ब लांब नेला तरी खिडकी कुठं लांब जातीय? हा रडीचा डाव झाला.”

‘एका वेळी एकच चल बदलायचा, बाकीचे स्थिर ठेवायचे’ हे वाक्य मी कितीतरी वर्षं फळ्यावर लिहीत आले होते. मुलं ते पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि गुण मिळवतात. त्या दिवशी ते वाक्य मला एका मुलीनं तिच्या भाषेत परत सांगितलं, तेही मी चूक ठरवलेल्या आकड्यांचा पुरावा हातात घेऊन. तिचे आकडे बरोबर होते. चुकली होती माझी मांडणी.

आमची शाळा सातारा जिल्ह्यातल्या कोरडवाहू भागात आहे. प्रयोगशाळा म्हणजे एक लांबट खोली, सहा टेबलं, दोन कपाटं आणि पूर्वेला दोन मोठ्या खिडक्या. नववीला धाराविद्युत शिकवताना रोध तारेच्या लांबीवर, जाडीवर आणि पदार्थावर अवलंबून असतो, इथवर आपण येतो. उजेडानंही रोध बदलतो, हे मुलांनी डोळ्यांनी बघावं म्हणून मी पुण्याला गेले होते तेव्हा तपकीर गल्लीतून डझनभर एलडीआर आणले होते. एकेक दहा रुपयांच्या आतबाहेर. वाटाण्याएवढी चपटी चकती, तिच्यावर नारिंगी रंगाची वळणावळणाची रेघ, खाली दोन पाय. मुलांनी पहिल्याच दिवशी तिचं नाव ‘नागमोडी’ ठेवलं आणि मग मीही तेच म्हणायला लागले. ती रेघ कॅडमियम सल्फाइडची असते. कॅडमियम विषारी आहे, त्यामुळे फोडायची नाही, चावायची नाही, जाळायची नाही, एवढं सांगून मी ती वाटली होती.

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाला दोन महिने होते. आपोआप लागणाऱ्या रस्त्यावरच्या दिव्याचं मॉडेल करायचं, असं आधी ठरलं होतं. ते मी रद्द केलं. मुलांना म्हटलं, आपण दिवा करायचा नाही. उजेड आणि रोध यांचं नातं काय आहे, ते कुणालाही खोडता येणार नाही असं मोजून दाखवायचं. जो कुणी या प्रयोगातला रडीचा डाव दाखवून देईल, त्याचं म्हणणं आधी तपासायचं, मग पुढं जायचं.

मुलांनी अक्षरशः रांग लावली.

सगळ्यात आधी नागमोडीच तपासली. एकाच पाकिटातल्या दोन चकत्या एकाच जागी ठेवल्या, तर एकीनं हजार ओहम दाखवले आणि दुसरीनं साडेतेराशे. यात दोष कुणाचा नाही. या भागांच्या माहितीपत्रकातही एकाच प्रकाशाला १० ते २० किलोओहम असा पसरट आकडा दिलेला असतो. म्हणजे माझ्या पहिल्या प्रयोगात एका गटाचे आकडे दुसऱ्या गटाशी ताडून बघणं मुळातच चूक होतं. तिथून पुढं एकच चकती घ्यायची आणि तिची तुलना तिच्याशीच करायची, असं ठरलं. खिडकीच्या गटाची चकती आम्ही निवडली. तिच्या पायाला लाल दोरा बांधला.

मग विजेचा दाब. दुपारी दोनच्या सुमाराला ४० सेंटिमीटरचं रीडिंग १४६० वरून एकदम १८०० च्या वर गेलं. कुणी काही हलवलं नव्हतं. बाहेरून आवाज आला, “लाइट आली, मोटार चालू कर.” आसपासच्या विहिरींवरच्या मोटारी सुरू झाल्या आणि आमचा साठ वॉटचा पिवळा बल्ब किंचित मंदावला. डोळ्याला जेमतेम जाणवलं, पण नागमोडीला लगेच कळलं. तारेच्या बल्बाचं असंच असतं. दाब दहा टक्के पडला तर उजेड साधारण तीस टक्क्यांनी पडतो. त्या दिवसापासून बल्बाचे प्रयोग फक्त सकाळी, मोटारी बंद असताना करायचे ठरले.

पांढऱ्या शर्टाची गोष्ट मला स्वतःला कधीच सुचली नसती. एक मुलगा आकडा वाचायला वाकला की रोध कमी व्हायचा आणि मागं सरकला की वाढायचा. तो जवळ आल्यावर उजेड अडेल आणि रोध वाढेल, असं आम्हाला वाटत होतं. होत होतं उलटंच. बराच वेळ डोकं लावल्यावर लक्षात आलं की गणवेशाच्या पांढऱ्या शर्टावर बल्बाचा उजेड पडून तो चकतीकडे परत येतोय. त्यानं शर्टावर माझा गडद निळा स्कार्फ धरला आणि आकडा थांबला. मग आम्ही पीव्हीसी पाइपचा हातभर तुकडा आणला, आतून काळा कार्डशीट लावला आणि चकती त्याच्या टोकाला थर्माकोलच्या बुचात बसवली. बुचामुळे तिचं तोंड वाकडं होणंही बंद झालं.

अंधारातल्या रीडिंगवरून वर्गात भांडण झालं. दोघांच्या वहीत लिहिलं होतं, ‘अंधारात रोध १ ओहम.’ मल्टीमीटरच्या पडद्यावर डावीकडे नुसता १ येतो. ती एकाची संख्या नसते. निवडलेल्या पट्ट्यात आकडा मावत नाही, अशी ती खूण असते. पट्टा वाढवत २० लाखांवर नेला तरी तोच १. मग तिसरा म्हणाला, “माझं तर अंधारात तीन लाख येतंय.” तो दोन्ही वायरींची टोकं बोटांनी चकतीच्या पायांवर दाबून धरत होता. मीटर त्याच्या अंगाचा रोधही मोजत होता. क्रोकोडाइल क्लिपा लावल्या आणि त्याचाही १ आला. वाढलेला रोध आणि न मोजता येणारा रोध यांत फरक आहे, हे वहीत कसं लिहायचं यावर आम्ही अर्धा तास घालवला. शेवटी ‘२० लाख ओहमांपेक्षा जास्त’ असं लिहायचं ठरलं.

एका मुलानं मात्र मुळावरच घाव घातला. “बाई, बल्ब गरम असतो. नागमोडी उजेडानं बदलतीय की उन्हानं तापल्यासारखी तापून बदलतीय?”

तेव्हा मी त्यांना विलोबी स्मिथची गोष्ट सांगितली. समुद्राखालून जाणाऱ्या तारायंत्राच्या केबली तपासण्यासाठी या इंग्रज अभियंत्याला मोठा आणि स्थिर रोध हवा होता, म्हणून त्यानं सेलेनियमच्या कांड्या घेतल्या. पण त्यांचा रोध एका जागी राहीना. सरकत्या झाकणाच्या पेटीत ठेवल्यावर दिसलं की झाकण बंद असताना रोध सगळ्यात जास्त आणि स्थिर असतो, झाकण उघडलं की पडतो. कित्येक फुटांवरच्या गॅसच्या दिव्यासमोरून नुसता हात फिरवला तरी फरक पडायचा. त्यालाही आमच्या मुलासारखीच शंका आली की हे उष्णतेमुळे तर होत नसेल? म्हणून त्यानं एक कांडी पाण्याच्या कुंडीत ठेवली. वर इंचभर पाणी, म्हणजे प्रकाश जाईल पण कांडी तापणार नाही. तरीही परिणाम तोच. पाण्याच्या वर नऊ इंचांवर मॅग्नेशियमची पट्टी पेटवली तेव्हा रोध दोन तृतीयांशाहून जास्त पडला आणि पट्टी विझताच परत पूर्ववत झाला. हे सगळं त्यानं ४ फेब्रुवारी १८७३ च्या एका पत्रात लिहून कळवलं. पुढच्या काळात प्रकाशाचं विजेत रूपांतर करण्याचे कितीतरी प्रयत्न या पत्रातून निघाले. मला त्यातली ती इंचभर पाण्याची कुंडी सगळ्यात मोलाची वाटते. स्वतःला सापडलेल्या गोष्टीवर त्यानं स्वतःच शंका घेतली आणि तिचं उत्तरही स्वतःच शोधलं.

आम्हीही बल्ब आणि चकतीच्या मध्ये पाण्यानं भरलेला चौकोनी पारदर्शक डबा ठेवला. आकडा थोडा बदलला, कारण डबाही थोडा उजेड खातो. पण बल्बापुढं पुठ्ठा धरला की रोध चढायचा आणि पुठ्ठा काढला की उतरायचा. शंका काढणारा मुलगाच म्हणाला, “गरम झालेला तवा गॅस बंद केल्यावर लगेच गार होत नाही. ही लगेच बदलतीय. म्हणजे उजेडच.” हा पुरावा मला पाण्यापेक्षाही पक्का वाटला. ‘लगेच’ हा शब्द मात्र नंतर थोडा दुरुस्त करावा लागला. भर उजेडातून अंधारात गेल्यावर नागमोडीचा रोध एका झटक्यात चढतो खरा, पण नंतर बराच वेळ हळूहळू वर सरकत राहतो. म्हणून प्रत्येक रीडिंगआधी मोबाइलवर एक मिनिट मोजायचं आणि पूर्ण सारणी एकदा चढत्या आणि एकदा उतरत्या क्रमानं घ्यायची, हा नियम झाला.

आता खरा प्रश्न उरला होता आणि तो पुन्हा खिडकीजवळच्या मुलीनंच विचारला. “बाई, आपण म्हणतो उजेड बदलला. पण आपण तर अंतर बदलतोय.”

अंतर दुप्पट झालं की उजेड एक चतुर्थांश होतो, हे मला माहीत होतं. पण ते खरं ठरतं बिंदूसारख्या लहान उगमासाठी आणि आसपासच्या भिंतींवरून काही परत येत नसेल तर. शिवाय अंतर कुठून मोजायचं, बल्बाच्या काचेपासून की आतल्या तारेपासून? १० सेंटिमीटरवर या फरकानं सगळं गणित बिघडतं. मोबाइलवर उजेड मोजायची ॲप असतात. आम्ही तीन फोन एकाच जागी ठेवले आणि तीन वेगळे आकडे आले. मी मुलांना सांगणार होते की हा नियम तुम्ही आत्ता मान्य करा, पुढच्या वर्गात शिकाल. पण ज्यांना दोन आठवडे काहीच मान्य करू नका म्हणून सांगितलं होतं, त्यांना हे सांगायला माझी जीभ रेटेना.

उपाय त्या मुलीलाच सुचला. “उजेड मोजता येत नसला तरी दिवे मोजता येतात ना? एक दिवा, दोन दिवे, तीन दिवे.”

वायरिंगची आवड असलेल्या एका मुलानं त्याच दिवशी एका सेलच्या डबीवर चार एलईडी जोडून आणले. एक लावला, दोन लावले, फरक दिसला. तिसरा आणि चौथा लावल्यावर मात्र फरक पडेनासा झाला, कारण सेल तेवढेच आणि वाटेकरी जास्त, त्यामुळे प्रत्येक एलईडी मंद होत होता. मग आठवडी बाजारातून एकसारख्या चार छोट्या टॉर्च आणल्या, ज्याचा त्याचा सेल वेगळा. पण एकसारख्या दिसतात म्हणून उजेडही सारखाच असेल, हे कशावरून?

यावर आम्ही जे केलं, ते मला आजही डोळ्यांपुढं दिसतं. मोठं खोकं आतून काळं केलं. एका टोकाला लाल दोऱ्याची नागमोडी, दुसऱ्या टोकाला चार टॉर्च, चौघींची तोंडं चकतीकडे. फक्त पहिली टॉर्च लावायची आणि मीटरवर बरोबर २.०० किलोओहम येईपर्यंत ती पुढं-मागं सरकवायची. आले की पेन्सिलनं खूण करायची आणि टॉर्च बंद करायची. मग दुसरी, तिसरी, चौथी. प्रत्येक टॉर्च एकटी असताना चकतीला २.०० वर आणते, म्हणजे चकतीच्या दृष्टीनं चारही टॉर्च सारख्याच. इथं कुठला नियम गृहीत धरावा लागला नाही आणि कुठलं ॲपही लागलं नाही. मग दोन एकदम लावल्या तर उजेड दुप्पट, यावर कुणीच वाद घालू शकत नव्हतं. ती मुलगी मान वाकडी करून, श्वास रोखून टॉर्च केसभर सरकवत होती. १.९९, २.०१, २.००. “थांब, आता हलवू नकोस,” असं तिला दहा जण एकदम सांगत होते.

दोन टॉर्चना रोध अर्धा, म्हणजे १.०० येईल, असं सगळ्या वर्गाचं मत होतं. आला १.२८. टॉर्चची जोडी बदलली. चार टॉर्चच्या सहा जोड्या होतात, त्या सहाही लावून बघितल्या. १.२६ ते १.३० च्या बाहेर एकही गेली नाही. तीन टॉर्चना ०.९८. चारींना ०.८१. मग पहिली एकटी परत लावली, तर २.०० च्या जागी २.०५, कारण सेल थोडा उतरला होता. एवढा फरक आम्ही लिहून ठेवला आणि स्वीकारला.

मुलं हिरमुसली. अर्धा का नाही आला? मी म्हटलं, न आलेल्या आकड्याचं दुःख नंतर करू, आलेल्या आकड्यांकडे बघा. एका टॉर्चवरून दोनवर गेलो तेव्हा २.०० चे १.२८ झाले, म्हणजे ०.६४ पट. दोनवरून चारवर गेलो तेव्हा १.२८ चे ०.८१ झाले. भागाकार करा. ०.६३. उजेड दुप्पट केला की रोध दर वेळी जवळजवळ तेवढ्याच पटीत उतरतो. खोलीत क्षणभर कुणी बोललं नाही. मग कुणीतरी जुनी वही काढली. बल्ब २० सेंटिमीटरवर असताना ५९० आणि ४० वर १४६० होते. ४० वरून २० वर आलं की अंतर निम्मं, उजेड चौपट आणि रोधाची पट ०.४०. टॉर्चच्या प्रयोगात एकवरून चारवर गेलो तरी ०.८१ भागिले २.००, म्हणजे ०.४१. दोन वेगळ्या वाटांनी जाऊन आम्ही एकाच ठिकाणी पोचलो होतो. अंतराचा जो नियम मी मान्य करा म्हणून सांगणार होते, तो त्यांनी स्वतः तपासून घेतला होता.

रोध अर्धा का होत नाही, हे मी मग सांगितलं. उजेड पडला की कॅडमियम सल्फाइडमधले इलेक्ट्रॉन सुटतात आणि वीज वाहू लागते, म्हणून रोध उतरतो. पण सुटलेले इलेक्ट्रॉन पुन्हा जागेवर बसतही असतात. जितके जास्त सुटतील, तितके लवकर परत बसतात. म्हणून उजेड दुप्पट झाला तरी मोकळ्या इलेक्ट्रॉनांची संख्या दुप्पट होत नाही.

तालुक्याला आमच्या टेबलावर एक काळं खोकं, एक पाइप आणि सहा वह्या होत्या. परीक्षकांनी मॉडेल कुठं आहे विचारलं, मुलांनी आलेख दाखवला. क्रमांक आला नाही. परतीच्या एसटीत मुलं त्याबद्दल थोडा वेळ बोलली आणि मग सीटला टेकून झोपली.

सोमवारी सकाळी ती मुलगी लवकर आली. तिला तिच्या पहिल्या आकड्यांचं काम अजून संपवायचं होतं. खिडकीजवळच्या टेबलावर बल्ब बंद ठेवून तिनं लाल दोऱ्याच्या नागमोडीचं रीडिंग घेतलं. नुसत्या खिडकीचा रोध १०५० आला. मग टॉर्चच्या आलेखावर बघितलं, तर १०५० म्हणजे साधारण २.७ टॉर्चचा उजेड. ५० सेंटिमीटरचे तिचे ८५० म्हणजे ३.७ टॉर्च. रोधातून रोध वजा करायचा नाही, उजेडातून उजेड वजा करायचा, हे तिनं मला न विचारता केलं. उरली एक टॉर्च. एका टॉर्चचा रोध २.०० किलोओहम. आणि खिडक्यांवर चादरी लावून अंधाऱ्या खोलीत याच चकतीनं, याच बल्बाला, ५० सेंटिमीटरवर दिलेला आकडा होता १९५०.

मग ३० आणि ४० चे आकडे काढायला तिनं आलेखाची रेघ चार टॉर्चच्या पुढं नेली. रेघ अशी पुढं न्यायची का, हे तिनं मला विचारलं. मी म्हटलं, ने, पण तिथं तुटक रेघ काढ, म्हणजे वाचणाऱ्याला कळेल की हा भाग आपण मोजलेला नाही. तिनं तुटक रेघ काढली. तिचं पान मी पुढ्यात घेतलं, ‘पुन्हा घे’च्या खाली तारीख घालून लिहिलं, ‘तिन्ही आकडे बरोबर,’ आणि सही केली.